परदेशी पाहुणा घरी येतोय: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

दिवाळी सरली की मराठवाड्यात परदेशी पाहुण्यांची ये-जा वाढते. कुणी अजिंठा-वेरूळसाठी येतं, कुणी नांदेडच्या गुरुद्वाऱ्यासाठी, तर कुणी ऑफिसातल्या मित्राचं गाव बघायला. या महिन्याच्या पत्रांत घरी उतरणाऱ्या पाहुण्यांबद्दलच जास्त विचारणा आहे.

माझ्या मुलीच्या ऑफिसातलं जर्मन जोडपं चार दिवस आमच्याकडे राहणार आहे. पोलिसांत कळवावं लागतं, असं शेजारी म्हणतात. घरगुती पाहुण्यांनाही ते लागू आहे का?
— एक वाचक, अंबाजोगाई

हो, लागू आहे. पैसे घेत असा वा नसा, परदेशी नागरिक मुक्कामाला आला की २४ तासांच्या आत त्याची नोंद करावी लागते. तिला सगळे ‘सी-फॉर्म’ म्हणतात. ती एफआरआरओच्या, म्हणजे परदेशी नागरिकांची नोंदणी करणाऱ्या कार्यालयाच्या, सरकारी संकेतस्थळावर ऑनलाइन होते आणि शुल्क लागत नाही. त्यासाठी आधी घरमालक म्हणून तुमचं खातं उघडावं लागतं. तेवढं काम पाहुणे यायच्या आधीच उरकून ठेवा, नाहीतर २४ तासांतले निम्मे त्यातच जातात. मग नवरा-बायकोचा वेगवेगळा फॉर्म भरायचा: पासपोर्ट आणि व्हिसाचा तपशील, फोटो, भारतात कधी आणि कुठे उतरले, तुमच्याकडून पुढे कुठे जाणार.

चुका बहुतेक दोनच ठिकाणी होतात. ई-व्हिसाच्या कागदावर एकाहून जास्त क्रमांक असतात आणि घाईत व्हिसाच्या जागी अर्जाचा क्रमांक भरला जातो. दुसरी चूक नावाची. पासपोर्टवर आडनाव आणि नाव वेगवेगळ्या ओळींत असतं, ते अक्षरशः तसंच उतरवा. भरलेल्या फॉर्मची प्रत जपून ठेवा. कुठे अडलंच तर जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालयात विचारा.

येणाऱ्या पाहुणीला सिलिअ‍ॅक आजार आहे, गहू अजिबात चालत नाही, असं कळलं. आपल्याकडे ज्वारीची भाकरी असतेच, मग काळजी नाही ना?
— गृहिणी, उदगीर

ज्वारी निर्धोक आहे, पण गिरणीतून आलेलं ज्वारीचं पीठ निर्धोक असेलच असं नाही, आणि खरा घोटाळा तिथेच होतो. सिलिअ‍ॅक आजारात गव्हातल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे शरीराची प्रतिकारशक्ती आतड्याच्या आतल्या अस्तरावरच उलटते. त्याला चिमूटभर गहूही पुरतो, आणि दुष्परिणाम कधी तासाभरात दिसतात, कधी दोन दिवसांनी. ‘ग्लुटेनमुक्त’ म्हणून विकायच्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असू नये, असा आपल्याकडचाही नियम आहे. आता गिरणीचा विचार करा. आधीच्या गिऱ्हाइकाचे गहू दळून झाले की दगडांच्या खाचांत आणि पीठ पडतं त्या कापडी पिशवीत गव्हाचं पीठ उरतंच. पहिलं दोन किलो पीठ बाजूला काढूनही ते पुरतं जात नाही.

त्यामुळे घरच्या घरघंटीत किंवा जात्यावर गहू कधीच पडला नसेल तरच तिथे दळा, नाहीतर ‘ग्लुटेनमुक्त’ असं छापलेलं बंद पाकीट आणा. ज्वारी घरी आणल्यावर निवडून घ्या, पोत्यात गव्हाचे दाणे मिसळलेले सापडतात. तवा आणि परात नवी किंवा घासून लख्ख केलेली हवी. पोळीच्या तव्यावरच भाकरी टाकलीत तर वरची सगळी खटपट वाया गेली.

गहू लपलेला असतो अशा आपल्या नेहमीच्या वस्तू लक्षात ठेवा. बांधाणी हिंगात बहुधा मैदा किंवा कणीक असते, म्हणून फोडणी जिरं-लसणावर द्या. थालिपिठाची भाजणी, धपाटे, रवा, शेवया बाद. येसराच्या आमटीपासून सावध राहा, बऱ्याच घरी येसरात भाजलेला गहू असतो. पुऱ्या तळलेल्या तेलात भजी तळू नका. भात, हिंगाशिवाय वरण, पिठलं (बेसन घरी दळलेलं असेल तर), भरली वांगी, दही, फळं यांवर चार दिवस छान निघतात. साबुदाणा आणि भगरही चालते.

याच ओघात शेंगदाण्याचंही विचारून घ्या. आपल्या भाजीत कूट, ताटात चटणी, फोडणीत शेंगदाणा तेल! ज्याला शेंगदाण्याची तीव्र अ‍ॅलर्जी आहे, त्याचा श्वास काही मिनिटांत कोंडू शकतो. असा पाहुणा आपलं इंजेक्शन बरोबर बाळगतो. ते कुठे ठेवलंय हे घरातल्या दोघांना तरी माहीत असू द्या. इंजेक्शन दिल्यावरही दवाखाना गाठायचाच.

मागच्या पाहुण्यांनी वाढलेलं सगळं संपवलं, म्हणून आम्ही पुन्हा वाढत गेलो. शेवटी ते आजारी पडले. त्यांना आपल्याकडचं नक्की काय जड जातं?
— एक कुटुंब, भोकरदन

त्यांच्यातल्या अनेकांना ताटात टाकणं असभ्य वाटतं, म्हणून ते ताट रिकामं करतात. आपल्याला रिकामं ताट दिसलं की पोट भरलं नाही असं वाटतं. शिवाय त्यांचं पहिलं ‘नको’ हे खरंच नको असतं; आपल्याकडे ते तिसऱ्यांदा खरं धरतात. जेवायला बसतानाच सांगून टाका, की ताटावर आडवा हात धरला म्हणजे पुरे. भांडी मध्ये ठेवा आणि त्यांचं त्यांना घेऊ द्या. आग्रह करायचाच तर एकदाच करा.

पोट बिघडतं त्यामागे तिखट आणि तेल असतं, तसंच पाणीही असतं. पाणी खळखळून किमान एक मिनिट उकळून, झाकून गार करा. बाहेरचा बर्फ, रसवंतीतला बर्फ घातलेला रस आणि कापून ठेवलेली फळं टाळा. जुलाब लागलेच तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ घालून थोडं थोडं पाजत राहा. मीठ अंदाजाने टाकू नका. जास्त झालं तर अपायच होतो. ताप आला किंवा शौचात रक्त दिसलं तर थेट डॉक्टरांकडे.

राहता राहिलं वागणं. पगार किती, लग्न का नाही, मूलबाळ कधी, हे आपण आपुलकीने विचारतो, पण त्यांच्याकडे हे अगदी जवळच्यालाही सहसा विचारत नाहीत. पहिल्या दिवशी हे विषय टाळावेत, असं आमचं स्पष्ट मत आहे. दार वाजवून थांबा. गल्लीतली मंडळी बघायला येणारच, तर त्यांना संध्याकाळची एक वेळ द्या आणि दुपारी पाहुण्यांना एकटं राहू द्या. त्यांच्या लेकरांचे गाल ओढणं, न विचारता फोटो काढणं थांबवायला हवं. आपलं मान डोलावणं त्यांना होकार की नकार तेच कळत नाही, म्हणून तोंडाने ‘हो’ म्हणा. आल्या आल्या न्हाणीघर दाखवा: गरम पाण्याचा नळ कोणता, बादली-मग कसा वापरायचा, कागद कुठे टाकायचा. झाकणाची कचरापेटी ठेवलीत तर तुंबलेल्या संडासाचा प्रसंग टळतो.

सोमवार-मंगळवार सुट्टी काढून पाहुण्यांना अजिंठा-वेरूळ दाखवायचं आहे. क्रम कसा ठेवावा?
— शिक्षक, परभणी

नेमके हेच दोन दिवस अवघड आहेत. अजिंठा सोमवारी बंद असतो, वेरूळ मंगळवारी. म्हणून सोमवारी वेरूळ आणि मंगळवारी अजिंठा, उलट केलंत तर दोन्ही हुकतील. संभाजीनगरहून वेरूळ सुमारे ३० किलोमीटर आहे, अजिंठा सुमारे १००. तिकीट खिडकीवर भारतीयांना ४० रुपये, परदेशी नागरिकांना ६००, आणि १५ वर्षांखालील मुलांना प्रवेश मोफत. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) असलेल्यांना भारतीयांचाच दर लागतो. मूळ कार्ड मात्र जवळ हवं.

वेरूळला कैलास, म्हणजे १६ क्रमांकाचं लेणं, पश्चिमाभिमुख आहे. दुपारनंतर ऊन समोरून पडतं, तेव्हा शिल्पं उठून दिसतात. सकाळी १० आणि १२ क्रमांकाची बौद्ध लेणी घ्या, मग जैन लेण्यांपैकी ३२ वं आणि शेवटी कैलास. आत जायच्या आधी बाजूच्या वाटेने डोंगरावर चढून वरून बघा. वरून खाली कोरत आले म्हणजे काय, ते तिथून लगेच उमगतं. जवळच्या घृष्णेश्वराच्या गाभाऱ्यात पुरुषांना अंगातला शर्ट काढावा लागतो, हे पाहुण्यांना आधीच सांगा.

अजिंठ्याला गाडी फर्दापूरच्या टी-पॉइंटवर ठेवून पुढचे ४ किलोमीटर तिथल्या बसने जायचं. चित्रांच्या लेण्यांत जोडे काढावे लागतात, तेव्हा फितीचे बूट नकोत. फ्लॅशला बंदी आहे. आत शिरल्यावर पाचेक मिनिटं नुसतं उभं राहा. डोळे अंधाराला सरावल्यावरच पहिल्या लेण्यातला पद्मपाणी, म्हणजे हातात कमळ घेतलेला बोधिसत्त्व, नीट दिसतो. १, २, १६, १७ ही लेणी निवांत बघा. दहाव्यात जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने २८ एप्रिल १८१९ ला खरवडलेलं नाव आहे. ते माणसाच्या उंचीच्या वर शोधा, कारण तेव्हा लेण्यात मातीचा ढिगारा साचलेला होता आणि तो त्यावर उभा होता. पाण्याची बाटली जवळ ठेवा, खाऊची पिशवी मात्र हातात दिसू देऊ नका, माकडं ओढून नेतात.

नांदेडला हजूर साहिबला शीख नसलेल्या परदेशी पाहुण्यांना नेता येतं का?
— एक वाचक, नांदेड

हो, सर्वांना प्रवेश आहे. डोकं झाकायचं, जोडे काढायचे, पाय धुऊन आत जायचं; तंबाखू-सिगारेट खिशातही नको. लंगरमध्ये सगळ्यांबरोबर पंगतीत बसायचं. तिथे हवं तेवढंच मागून घ्यावं आणि प्रसाद दोन्ही हातांच्या ओंजळीत घ्यावा.