वर्क फ्रॉम होम करताना काम संपल्यावर काय करता? मी नुसता फोन पाहतो आणि अजूनच थकतो

तुम्ही लिहिलंय की लॅपटॉप मिटला की सोफ्यावर पडून रील्स पाहता, उठता तेव्हा आधीपेक्षा जास्त थकलेले असता, तर कोणता छंद लावून घेऊ? भाऊ, छंद नंतर पाहू, आधी वेळ पाहा.

मी नागपूरचा, खामल्यात राहतो, अमेरिकेतल्या क्लायंटचं काम घरूनच करतो. न्यूयॉर्कला सकाळचे ९ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा असतात, आणि नोव्हेंबरात तिकडची घड्याळं मागे गेली की तीच मीटिंग साडेसातला जाते. म्हणजे संध्याकाळी फिरायला जा, ग्राउंडवर जा असं जे सगळे सांगतात ते आमच्या काही कामाचं नाही, कारण ग्राउंड भरतं तेव्हा आम्ही हेडफोन लावून बसलेलो असतो. म्हणून मी माझी संध्याकाळ सकाळीच उरकून घेतो. सेमिनरी हिल्सला चक्कर, नाहीतर फुटाळा तलावावर. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा मात्र सातच्या आत घरी, कूलरसमोर (आणि कॉलवर म्यूट करायला विसरलं की समोरचा विचारतो, एअरपोर्टवर आहेस का).

आता रील्सचं. २००७ मध्ये साबिने सोनेनटाग आणि शार्लट फ्रिट्झ या दोघी संशोधकांनी कामानंतर माणूस कशानं ताजा होतो याच्या चार गोष्टी मांडल्या होत्या, कामातून डोकं बाहेर काढणं, आराम, काहीतरी नवीन शिकून त्यात हात बसवणं आणि आपला वेळ आपल्या मर्जीनं घालवणं. रील्समध्ये फारतर आराम मिळतो, तोही अर्धवट, कारण त्याच फोनवर ऑफिसचा मेसेज टपकतो. मला तिसरी गोष्ट सगळ्यात जास्त लागू पडली. मी तबला शिकून राहिलो, तोही गुरुजींकडे जाऊन, ऑनलाइन नाही, दिवसभर स्क्रीन पाहून परत स्क्रीनवरच काय शिकायचं. तीनतालाच्या सोळा मात्रा सांभाळताना ऑफिसचं कालचं अडकलेलं काम डोक्यात आलं की सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, हुकलीच समजा, त्यामुळे ते आपोआप बाहेर राहतं.

घरच्यांचं वेगळंच असतं. आई म्हणते, 'घरीच तर आहेस ना, जा बरं, गिरणीतून दळण घेऊन ये.' याला विरंगुळा म्हणवत नाही, पण तेवढ्यात रांगेत चार ओळखीचे भेटतात, माझी चिडचिड निम्मी तिथेच उतरते.

तुमचा क्लायंट कुठला ते लिहिलं नाही तुम्ही. लंडनचा असेल तर काम दुपारी दीड-अडीचला सुरू होऊन रात्रीपर्यंत खेचतं, म्हणजे तुमचीही सकाळच. भारतातलाच असेल तर सरळ संध्याकाळची बॅडमिंटनची बॅच धरा, डबल्सला तिघं कोर्टावर खोळंबले की फोन यायला लागतात आणि सोफ्यावरून उठावंच लागतं.