विहीर खणताना निघालेल्या दगडात सोनेरी कण चमकतात. सोनं आहे का, हे घरच्या घरी कसं ओळखू?

आधी सुई घ्या. भिंग असेल तर उत्तम. एखादा कण सुईने दाबून पाहा. सोनं मऊ असतं, त्यात खळगा पडतो, पण ते तुटत नाही. कणाचा चुरा झाला तर ते पायराइट, म्हणजे सोन्यासारखं चमकणारं लोह-गंधकाचं खनिज, आणि पापुद्रा सुटला तर अभ्रक. बहुतेकांची चौकशी इथेच संपते!

तरी शंका उरली, तर चिनी मातीच्या फरशीच्या तुकड्याच्या मागच्या, चकाकी नसलेल्या बाजूवर तो कण घासा. सोनार कसाला लावतो तसंच हे. सोन्याची रेघ पिवळीच उमटते, पायराइटची हिरवट काळी.

घनताही काढता येते. वजनकाट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा. आधीच वजन केलेला दगड दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून लोंबकळत ठेवा, तळाला टेकू देऊ नका. काट्यावर दिसतील तितके ग्रॅम म्हणजे दगडाचं घनफळ, मिलिलिटरमध्ये. वजनाला त्याने भागा. गारगोटीचं उत्तर २.६५ च्या आसपास येतं, पायराइटचं ५, शुद्ध सोन्याचं १९.३. मात्र खाणीतल्या खनिजातही टनामागे काही ग्रॅमच सोनं असतं, त्यामुळे अख्ख्या दगडाच्या घनतेवरून ते कळणार नाही. सुटा गोळा असेल तरच हा उपाय.

दगड चुलीवर तापवू नका, नायट्रिक ॲसिडही नको. पायराइटमधून गंधकाचा विषारी धूर निघतो, काही खनिजांत तर आर्सेनिक असतं.

आणि तुमची विहीर दख्खनच्या काळ्या बेसाल्ट खडकात असेल, तर सोन्याची आशा फारशी धरू नका. तिथे झिओलाइट या खनिजाचे सुंदर स्फटिक मात्र मिळतात.