खिडकीपाशी तुझंच बोल

प्रिय लेकी,

परवा फोनवर तू पहिलाच प्रश्न विचारलास, "बाई, व्हिसा भेटल का?" त्याचं उत्तर खिडकीपलीकडचा अधिकारीच देईल. त्या खिडकीपर्यंत जाईस्तोवर जे आपल्या हातात आहे, ते आज सविस्तर लिहिते.

अमेरिकेतल्या समर कॅम्पात मुलांना लेझीम शिकवायला तुला बोलावलंय, हे ऐकून मी दिवसभर आनंदात होते. अशा सांस्कृतिक देवाणघेवाणीसाठी तिथे जे-१ नावाचा व्हिसा असतो. तो मागायच्या आधी तिथल्या मान्यताप्राप्त प्रायोजक संस्थेकडून डीएस-२०१९ नावाचा कागद यावा लागतो. संस्था खरी आहे याची खात्री झाल्याशिवाय कुणालाही एक रुपया देऊ नकोस. अशा संस्थांची यादी अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या संकेतस्थळावर सगळ्यांना बघता येते. तुझ्या संस्थेचं नाव तिथे स्वतःच्या डोळ्यांनी बघ, कुणी सांगितलं म्हणून विश्वास ठेवू नकोस.

आता नावाचं बघू. आपल्याकडची निम्मी लेकरं इथेच अडकतात. दहावीच्या गुणपत्रकावर आधी आडनाव, मग आपलं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टात मात्र दोनच रकाने, आडनाव आणि दिलेलं नाव. पासपोर्टात आडनावाचा रकाना रिकामा राहिला, तर अमेरिकेच्या व्हिसावर तुझं नाव आडनावाच्या जागी जातं आणि नावाच्या जागी 'एफएनयू' छापून येतं, म्हणजे पहिलं नाव माहीत नाही. सगळे कागद एका सतरंजीवर मांड आणि अक्षरन् अक्षर ताडून बघ. वडिलांच्या 'विठ्ठल'मध्ये एका कागदावर एक 'टी' आणि दुसऱ्यावर दोन असतील, तर ते आत्ताच निस्तर. डीएस-२०१९वरचं नाव पासपोर्टाशी तंतोतंत जुळलं पाहिजे. चूक दिसली तर त्याच दिवशी प्रायोजक संस्थेला ईमेल कर.

डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज शांतपणे भर. वीसेक मिनिटं हात लावला नाही तर तो बंद पडतो, म्हणून प्रत्येक पान सेव्ह कर आणि अर्जाचा क्रमांक वहीत लिहून ठेव. त्यात आईवडिलांची जन्मतारीख विचारतात. आपल्या भागात गुरुजींनी शाळेत नाव घालताना किती जणांची तारीख १ जून लिहिली, हे तुला ठाऊकच आहे. त्यांच्या कागदांवर तीच असेल तर तीच लिही. कुठेच नोंद नसेल तर 'माहीत नाही' असा पर्याय तिथे आहे. मनाने तारीख रचू नकोस. गेल्या पाच वर्षांत वापरलेली समाजमाध्यमांवरची खातीही द्यावी लागतात, बंद पडलेलं जुनं खातंसुद्धा. जून २०२५पासून जे-१ मागणाऱ्यांना ती खाती सगळ्यांना दिसतील अशी ठेवायला सांगतात. तुझ्या खात्यावर लेझीमचे व्हिडिओ आहेत, त्यात दडवण्यासारखं काय आहे?

पैशांचं थोडक्यात. व्हिसाचे १८५ डॉलर, आणि कॅम्पवाल्यांसाठी सेव्हिस नावाच्या नोंदणीचे ३५ डॉलर. दुसरी रक्कम कधी संस्थाच भरते, ते विचारून घे. व्हिसा नाकारला तरी १८५ डॉलर परत मिळत नाहीत, हे बाबांना आधीच सांग.

मुलाखतीबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचंय. वीसेक वर्षांपूर्वी मी एका परदेशी वकिलातीच्या खिडकीपाशी उभी होते. अर्ज एका एजंटाने भरला होता. त्यात त्याने माझ्या बाबांचा धंदा 'व्यापार' असा लिहिला, कारण शेतकऱ्याच्या पोरीला नाकारतात असं त्याचं म्हणणं. पलीकडच्या बाईंनी विचारलं, कशाचा व्यापार? माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. पासपोर्ट परत आला. लातूरपर्यंत मी खिडकीला डोकं टेकवून रडत आले. पुढच्या वर्षी स्वतः अर्ज भरला. चार एकर कोरडवाहू, तूर आणि सोयाबीन, माल लातूरच्या अडतीत, सगळं खरं लिहिलं. मागच्या नकाराबद्दल विचारलं तेव्हा तेही झालं तसं सांगितलं. त्यांनी आणखी दोन प्रश्न विचारले आणि व्हिसा दिला.

अमेरिकेच्या कायद्यातलं कलम २१४-बी असं धरून चालतं की येणारा माणूस तिथेच राहायला आलाय. तसं नाही, हे तुला पटवून द्यायचंय, तेही चार-पाच मिनिटांत, उभ्याउभ्या. सातबारा, बँकेचं पासबुक, कॉलेजचं पत्र फाइलमध्ये ठेव, पण ते मागतीलच असं नाही. बहुतेक वेळा तुझं बोलणंच ऐकतात. म्हणून हे तुझ्या मनात स्वच्छ असू दे: तुझं शेवटचं वर्ष बाकी आहे, परीक्षेला तू परत येणार आहेस, आणि गावच्या शाळेतलं लेझीम पथक तुझी वाट बघतंय. हे सगळं खरं आहे, म्हणून पाठ करायची गरजच नाही. जे-१साठी कामापुरतं इंग्रजी यावं लागतं, तेव्हा रोज संध्याकाळी अर्धा तास धाकट्या भावाला इंग्रजीतून लेझीम शिकव. हात कसा धरायचा, पाऊल कुठे पडतं, हलगीच्या ठेक्यावर कसं वळायचं, सगळं. त्याला कळलं तर अधिकाऱ्यालाही कळेल.

मुंबईत दोन दिवस लागतील असं धरून चाल. आधी व्हिसा केंद्रात बोटांचे ठसे आणि फोटो, मग वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत मुलाखत. फोटोला चष्मा काढावा लागतो. लातूर एक्सप्रेसचं तिकीट तारीख मिळाली की लगेच काढ. वकिलातीत मोबाइल नेता येत नाही, म्हणून भावाला बरोबर ने आणि फोन त्याच्याकडे दे. विमानाचं तिकीट मात्र व्हिसा पासपोर्टावर चिकटून येईपर्यंत काढू नकोस.

रविवारी माझ्या घरी ये. आईबाबांच्या आधार कार्डांच्या झेरॉक्स, तुझं दहावीचं गुणपत्रक आणि पासपोर्ट घेऊन ये. मी शेजारी बसेन, पण प्रत्येक रकाना तूच टाइप करायचा.

तुझी,
बाई