जळगावहून दिल्लीला जातोय, मुलांना टपाल तिकिटांचं संग्रहालय दाखवावं का, की कंटाळतील?

दाखवा की. संसद मार्गावर डाक भवनात राष्ट्रीय फिलाटेली संग्रहालय आहे, १९६८ पासूनचं. पटेल चौक मेट्रोला उतरायचं. सरकारी इमारत आहे, तेव्हा कामाच्याच दिवशी जा आणि ओळखपत्र जवळ ठेवा.

मी भुसावळला आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वे टपालात, सॉर्टर होतो. त्यामुळे माझं मत जरा एकांगी असेल. फ्रेममागून फ्रेम बघत बसलात तर पोरं कंटाळणारच. त्यांना थेट ‘सिंध डाक’पाशी न्या. १८५२ साली बार्टल फ्रिअरने सिंध प्रांतात काढलेलं हे अर्ध्या आण्याचं गोल तिकीट, आशियातलं पहिलं. मधोमध ईस्ट इंडिया कंपनीचं पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचं चिन्ह. एक प्रकार लाल लाखेच्या चकतीवर उठवलेला होता. लाख ठिसूळ, पाकीट जरा दुमडलं की तिकिटाचा चुरा! पांढऱ्या कागदावर रंगाशिवाय उठवलं तर ते अंधुक उजेडात दिसेना. मग निळंही काढलं. १८५४ मध्ये देशभरासाठी तिकिटं आली आणि सिंध डाक बंद पडलं.

पण तिकीट म्हणजे फक्त पैसे भरल्याची खूण. पत्र पोहोचतं ते छाटणीमुळे, म्हणजे पत्रं ठिकाणाप्रमाणे वेगळी करण्यामुळे, आणि ती काचेमागे ठेवून दाखवणं अवघडच. ते प्रवासात गाडीतच शिकवा. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. तो ज्यांनी बसवला ते श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी आणि वर संस्कृत कवी. जळगाव ४२५००१, धुळे ४२४००१. आता मुलांना विचारा: पाचोरा नि चाळीसगाव जळगाव जिल्ह्यात, मग त्यांचा पिन ४२४ ने का सुरू होतो? आणि शिरपूर धुळे जिल्ह्यात असून ४२५ का? कारण पहिले तीन आकडे मिळून छाटणीचा जिल्हा सांगतात, आणि तो टपालाच्या सोयीने आखलेला. कलेक्टर कचेरीच्या हद्दीशी त्याचा संबंध नाही. हलत्या डब्यात खणांसमोर उभं राहून छाटताना आमची नजर आधी त्या तीन आकड्यांवर जायची, गावाचं नाव नंतर. पाचोऱ्याचं पाकीट ४२४ च्या खणात टाकताना नवीन पोरगा हमखास बिचकायचा.

संग्रहालयाला दीड तास पुरे. पोरांना तिकिटं जमवायचा नाद असेल तर मात्र अर्धा दिवस धरून चाला.