निघण्याआधीचे चाळीस दिवस

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज काल रात्री वाचला. जपानमधलं, नागोयातलं वर्ष संपत आलं, मार्चच्या मध्याला परतीचं विमान, आणि दोन बॅगांत सगळं कसं मावणार याची तुला चिंता. बॅगा शेवटच्या दोन रात्रींत भरून होतात गं. त्याआधीची जी कामं आहेत ती राहिली, तर ती तुझ्यामागे दुसऱ्या कुणाला तरी निस्तरावी लागतात. म्हणून हे लांबलचक पत्र.

माझ्या हातून हे घडलंय. २००९ मध्ये मी त्याच आयची प्रांतातल्या एका कारखान्यात सव्वा वर्ष काढून परतले. घरी लग्नकार्य होतं, मन केव्हाच पुण्यात पोचलं होतं. टपालासाठी म्हणून मी तिथल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचा पत्ता देऊन आले. चार महिन्यांनी त्यांची ईमेल आली : तुमच्या नावाचं रहिवासी कराचं बिल आलं होतं, मुदत जवळ होती म्हणून मी भरून टाकलं, काळजी करू नका. स्वतःच्या पगारातून भरलं त्या माणसाने. मी त्याच आठवड्यात पैसे पाठवले. पण ज्याने मला गेजवरचं माप कसं वाचायचं इथपासून शिकवलं, त्याच्या डोक्याला मी जाता जाता हा ताप देऊन आले, हे आजही मला टोचतं.

म्हणून आधी हा जुमिनझेई, म्हणजे तो रहिवासी कर, समजून घे. १ जानेवारीला तुझा पत्ता जिथे असेल ते शहर मागच्या वर्षीच्या कमाईवर हा कर लावतं, करपात्र उत्पन्नाच्या साधारण १० टक्के. बिल मात्र जूनमध्ये निघतं. तू गेल्या एप्रिलमध्ये आलीस, त्यामुळे आजवर तुझ्या पगारातून तो कापलाच गेला नसणार, आणि जूनमध्ये तू इथे, भारतात असशील. हा कर कोण भरणार, तू की कंपनी, हे एचआरकडून लेखी घे. तोंडी ‘आम्ही बघतो’वर निघू नकोस. तुझ्या वतीने बिल घेणारा आणि भरणारा माणूस नेमायची रीतसर सोय आहे, त्याला नोझेई कानरिनिन म्हणतात. कुणी मित्र तयार झाला तर अर्ज भर, आणि अंदाजाने पैसे त्याच्याकडे आधीच देऊन ठेव.

पगाराची स्लिप काढून बघ, त्यात कोसेई नेनकिनची, म्हणजे पेन्शनची, कपात आहे का. भारत आणि जपानचा सामाजिक सुरक्षा करार १ ऑक्टोबर २०१६ पासून लागू आहे. कंपनीने तुला पाठवताना आपल्या ईपीएफओकडून कव्हरेजचं प्रमाणपत्र, म्हणजे तुझी वर्गणी भारतातच भरली जातेय असा दाखला, काढलं असेल, तर ही कपात नसायला हवी. असेल आणि सहा महिने तरी भरली असेल, तर जपान सोडल्यावर दोन वर्षांच्या आत ती एकरकमी परत मागता येते. त्यातून २०.४२ टक्के प्राप्तिकर कापतात. तोही पुढे विवरणपत्र भरून सोडवता येतो, पण त्यालाही तिथे तुझ्या वतीने उभा राहणारा माणूस लागतो. मात्र एकदा रक्कम उचललीस की तो काळ पेन्शनच्या हिशोबातून कायमचा पुसला जातो. पुन्हा जपानला जायचं मनात असेल तर सही करण्याआधी विचार कर. आणि गेनसेन चोशूह्यो, म्हणजे तिथला आपला फॉर्म १६ समज, त्याची मूळ प्रत हातात घेऊनच नीघ. त्यांचं करवर्ष जानेवारी ते डिसेंबर, आपलं एप्रिल ते मार्च. आपल्या सीएला दोन्हींचा मेळ घालताना तो कागद लागतोच.

घराचं फार सांगत नाही. नोटीस बहुधा महिनाभर आधी द्यावी लागते, तेव्हा आजच करार वाच. मोठ्या कचऱ्याचं तेवढं लक्षात ठेव. नागोयात सोदाई गोमी महिन्यातून एकदाच उचलतात, किमान सात दिवस आधी नोंदवायचं, कोन्बिनीतून, म्हणजे तिथल्या छोट्या दुकानातून, स्टिकर आणून चिकटवायचे. मार्चमध्ये अर्धं जपान बदलीवर घरं हलवत असतं. तारीख चुकली तर गादी तुझ्या दारात आणि तू विमानात. वॉशिंग मशीन तर त्यात जातच नाही. फ्रिज, टीव्ही, एसी आणि वॉशिंग मशीन यांना २००१ पासून वेगळा कायदा आहे, वेगळे पैसे आहेत. चालू असेल तर कुणाला तरी देऊन टाक. मग निघण्याआधीच्या दोन आठवड्यांत वॉर्ड ऑफिसला जाऊन पत्ता सोडल्याची नोंद कर. बँकेचं खातं सगळ्यात शेवटी. गॅस आणि विजेचं शेवटचं बिल त्यातूनच जायचं असतं.

आता माझ्या दृष्टीने खरं काम : हिकित्सुगी, तुझं काम पुढच्याच्या हाती देणं.

मी बत्तीस पानांची एक्सेल केली होती. प्रत्येक फिक्स्चरचा, म्हणजे काम करताना भाग घट्ट धरणाऱ्या पकडीचा फोटो, प्रत्येक ट्रायलचा आकडा, रंग भरलेले रकाने. मला तिचा अभिमान होता. लाइनवरच्या आमच्या हानचोंनी, म्हणजे गटप्रमुखांनी, ती उभ्याउभ्याच चाळली, चष्मा कपाळावर चढवला, आणि विचारलं, “जे जमलं नाही ते कुठल्या पानावर आहे?” ते कुठल्याच पानावर नव्हतं. वर्षभरात माझे पाच ट्रायल फसले होते आणि मी ते गाळले होते, कारण अहवाल स्वच्छ दिसायला हवा होता. त्यांनी मला एक कोरा कागद दिला आणि स्वतः शेजारी स्टूल ओढून बसले. दीड तास आम्ही लिहीत होतो : क्लॅम्प कुठे घसरला, तेव्हा शेडमध्ये किती थंडी होती, मी काय समजले होते आणि प्रत्यक्षात काय निघालं. दोन वर्षांनी पुण्याहून माझ्यामागे तिथे गेलेल्या मुलाने मला फोन केला. एक्सेल त्याने उघडलीही नव्हती. त्या हाती लिहिलेल्या पानाची झेरॉक्स लाइनवर लावलेली होती, ती वाचून त्याने सहावा ट्रायल फसण्यापासून वाचवला.

तू ते पान आत्ता लिही, शेवटच्या शुक्रवारी नाही. आणि कंपनीची ड्रॉइंग्ज, फोटो, फाइली स्वतःच्या पेनड्राइव्हवर घेऊ नकोस, ‘शिकण्यासाठी’ म्हणूनसुद्धा. जे न्यायचं ते विचारून, लेखी परवानगीने. एकाने चूक केली की पुढच्या सगळ्यांवर दारं बंद होतात.

निरोपाच्या दिवशी प्रत्येकाच्या टेबलापाशी जा. एकेक वेगळं बांधलेलं काहीतरी दे. मी बाकरवडीची छोटी पाकिटं घरून मागवली होती, त्यावर ‘थोडी तिखट’ असं जपानीत लिहिलं होतं. ओसेवा नि नारिमाशिता, म्हणजे ‘तुम्ही माझ्यासाठी खूप केलंत’, हे शब्द तुला येतातच, पण ते कँटीनमधल्या मावशींना आणि रात्रपाळीच्या सुरक्षारक्षकालाही म्हण. भाषण छोटं कर, त्यात एका माणसाचं एक काम नावानिशी सांग.

सेंट्रेअर विमानतळावर रेसिडेन्स कार्डाला भोक पाडून परत देतील. तो आवाज ऐकून पोटात खड्डा पडतो, आधीच सांगून ठेवते. आणि पुण्यात आल्यावर लोक दोन दिवस विचारतील, तिसऱ्या दिवशी तुझं जपान कुणाला ऐकायचं नसेल. आई म्हणेल, पुरे झालं तुझं तिकडचं. राग मानू नकोस. मला तेव्हा सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानाने आधार दिला. ओकायामाच्या कोराकुएनच्या धर्तीवर केलेली बाग आहे ती. सकाळी लवकर जायचे, पुलावर उभी राहायचे. तू आलीस की आपण दोघी जाऊ. तुझं मला सगळं ऐकायचंय, सावकाश, पहिल्यापासून.

एक राहिलंच. तुझ्या जागी एप्रिलमध्ये जो मुलगा येतोय, त्याला तू सायकल ठेवणार आहेस म्हणालीस. तिच्यावर तुझ्या नावाची पोलिसातली नोंदणी आहे, तो स्टिकर असेल बघ. ती रद्द कर आणि सायकल दिल्याचं सहीचं पत्र सीटखालच्या पिशवीत ठेव. नाहीतर पहिल्याच आठवड्यात कुणी पोलीस त्या पोराला रात्री रस्त्यात थांबवेल आणि त्याला तर अजून धड बोलताही येत नसेल. कुलपाच्या चाव्या दोन आहेत ना? दोन्ही ठेव.

तुझी,
ताई