तीर्थ, सलाईन आणि शेवटचे दिवस

प्रश्न : वडील ८१ वर्षांचे, माळकरी. जठराचा कॅन्सर. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. आता घास गिळता येत नाही. धाकटा भाऊ म्हणतो, सलाईन लावा, उपाशी मारायचं का? आत्या चमच्यानं चंद्रभागेचं तीर्थ पाजतात आणि वडिलांना ठसका लागतो. कुणाचं ऐकू?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : शेवटच्या टप्प्यात भूक आधी मरते, अन्न पचवायची ताकदच उरत नाही. त्यामुळे घास न भरवण्यात पाप नाही. सलाईनचं पाणी हृदयाला आणि मूत्रपिंडांना झेपत नाही. पाय सुजतात, छातीत पाणी साठून घरघर वाढते. तोंडाला कोरड पडते ती खरी, पण तिला सलाईनचा फारसा उपयोग नाही. स्वच्छ कापसाचा बोळा भिजवून घट्ट पिळा आणि दर दोन तासांनी ओठ, हिरड्या, जीभ पुसा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तासातासाला.

आत्यांचा चमचा मात्र आजच थांबवा. गिळता येत नसताना चमचाभर पाणीही श्वासनलिकेत उतरतं. तीर्थात बोट बुडवून ओठांना लावा, श्रद्धेला तेवढं पुरे. तुळशीपत्र आत्ता तोंडात नको, घशात अडकेल, उशाशी ठेवा. हरिपाठ कानाशी हळू म्हणा. शुद्ध हरपली तरी ऐकू येत असण्याची शक्यता असते. ऑक्सिजन सुरू असेल तर समई, उदबत्ती, कापूर त्या खोलीत अजिबात नको.

घरघर लागली की कुशीवर वळवा. दुहेरी सोलापुरी चादर खांद्यापासून कमरेखालपर्यंत अंथरा, वर मऊ सुती कापड घाला (चादरीची वीण कातडीला टोचते), आणि दोघांनी दोन्ही टोकं धरून वळवा. हाताला धरून ओढलं की कातडी सोलते. ‘खाली घ्यायची’ पद्धत असेल तर ऐनवेळी उचलाउचल नको. गादी आधीच जमिनीवर घाला.

दुखणं असेल तर डॉक्टरांकडे मॉर्फिनचा विषय काढा. योग्य मात्रेत त्यानं मरण ओढवत नाही. बद्धकोष्ठ होतं, म्हणून पोट साफ करणारं औषध त्याच्यासोबतच लागतं.

आणि शुद्धीवर असतील तेव्हा वडिलांनाच विचारा. भांडणात हेच राहून जातं.

प्रश्न : ‘मला व्हेंटिलेटर नको’ हे आधीच लिहून ठेवता येतं का?
– एक वाचक, अक्कलकोट रोड

उत्तर : येतं. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये मान्यता दिली आणि २०२३ मध्ये प्रक्रिया सोपी केली. दोन साक्षीदारांसमोर सही करा, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घ्या. निर्णय कोण घेईल त्याचं नाव त्यात हवंच. एक प्रत फॅमिली डॉक्टरांकडे द्या; कपाटात कुलूपबंद कागद रात्री दोन वाजता कुणाला सापडत नाही.