छत्री राहू द्या, गाडी शिकून या

ताई, तुमच्या अहोंना इंग्लंडमध्ये हेरफर्डला नोकरी लागली, भाडं आवाक्यात राहावं म्हणून लडलोकडच्या एखाद्या खेड्यात राहावं का, आणि जूनमध्ये येताना कपडे कोणते आणू, असं विचारलंत. मी इथेच, श्रॉपशरच्या एका खेड्यात, नऊ वर्षं काढली आहेत.

'उन्हाळ्याचे कपडे' असं वेगळं काही नसतं. सकाळी स्वेटर, दुपारी सुती कुडता, चारला पुन्हा स्वेटर. श्रावणातला ऊन-पाऊस आठवा, फक्त हवा गार. अटलांटिककडून येणारा जेट स्ट्रीम नावाचा वरचा वारा उत्तरेला सरकला की आठवडाभर लख्ख ऊन. खाली उतरला की वेल्सच्या डोंगरांवरून एकामागून एक सरी. 15 जुलैला, सेंट स्विदिनच्या दिवशी, पाऊस झाला तर पुढे चाळीस दिवस पडतो म्हणतात. आपण मृगाचं वाहन बेडूक की म्हैस बघतो, त्यातलाच प्रकार. छत्री वाऱ्यात उलटी होते. टोपीचं जाकीट इथेच घ्या.

उकाडाही होतो बरं का. 19 जुलै 2022 ला लिंकनशरमध्ये कॉनिंग्जबीला 40.3 अंश, म्हणजे या देशातला उच्चांक, नोंदला गेला. नागपूरकर हसतील, पण इथली घरं ऊब धरून ठेवायला बांधलेली, छताला पंखा नाही. त्या रात्री आम्ही सगळे खालच्या खोलीत फरशीवर झोपलो होतो.

जूनअखेर सूर्य साडेनऊला मावळतो. मुलांना झोपवायला जाड पडदे लागतील.

खरी अडचण पावसाची नाही, बसची आहे. आमच्याकडे दिवसाला मोजून चार, रविवारी एकही नाही. भारतीय लायसन्सवर इथे राहायला आल्यापासून बारा महिनेच गाडी चालवता येते, आणि इथल्या परीक्षेची तारीख लवकर मिळत नाही. म्हणून तुम्हीसुद्धा तिथूनच हात बसवून या. अहो सकाळी गाडी घेऊन गेले की तुम्ही घरात अडकाल. पहिलं वर्ष मी तेच भोगलंय. गावच्या दुकानात दूध, पाव, पोस्टाची खिडकी, एवढंच. कढीपत्ता, गोडा मसाल्याचं सामान आणायला महिन्यातून एकदा बर्मिंगहॅमचा सोहो रोड.

माणसं आपणहून घरात येत नाहीत, पण हवेवर कितीही बोलतात. शेजारच्या आजींनी पहिल्यांदा बेल वाजवली ती "तुमचे कपडे भिजतायत" सांगायला. मग त्यांनीच गावच्या जत्रेत, म्हणजे फेटमध्ये, मला केकच्या टेबलावर बसवलं. मी नारळाच्या वड्या नेल्या होत्या. अकराला धो धो सुरू झालं. टेबलं मुकाट्याने हॉलमध्ये गेली, रद्द करायचा विषयही निघाला नाही. वड्या मात्र अर्ध्या तासात संपल्या.

घर बघायला जाल तेव्हा मागे कपड्यांची दोरी आहे का बघा, आणि आत प्रत्येक खोलीत मोबाईलला रेंज येते का तेही. पापड-कुरडया मात्र आईकडूनच मागवा. वाळवणाला लागोपाठ तीन दिवसांचं ऊन इथे कोणी लिहून देणार नाही.